नवऱ्याच्या वाट्याच्या गोळ्या

सोमाटणे फाट्याच्या अलीकडं बायकांचा एक दवाखाना आहे. त्याच्या दारात सकाळपासून नवऱ्यांची गर्दी असते. हे नवरे आत जात नाहीत. बायकोला पायरीपर्यंत सोडतात, तिच्या हातात पिशवी देतात आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसतात. तिथं जमिनीच्या भावावर बोलणं होतं, घाटातल्या ट्रॅफिकवर होतं, मोबाइलवर बैलगाडा शर्यती बघून होतात. आत आपल्या बायकोला डॉक्टर काय सांगतायत, यावर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. आत येऊ नका असं त्यांना कुणी म्हटलेलं नाही, तशी पाटीही लावलेली नाही. पण बायकांच्या दवाखान्यात पुरुषानं जायचं नसतं, हे त्यांना न सांगताच कळलेलं असतं. आणि जे न सांगता कळतं, ते माणूस फार इमानानं पाळतो.

टाकवे बुद्रुकचा कैलास या टपरीचं जुनं गिऱ्हाईक. त्याची लोणावळ्यात टुरिस्ट गाडी चालते. शनिवार-रविवार मुंबईच्या लोकांना भुशी धरणापासून कार्ल्यापर्यंत फिरवायचं, बाकी दिवस मिळेल ते भाडं करायचं. बोलणं कमी, व्यसन नाही, आईच्या शब्दाबाहेर नाही. गावात त्याला समंजस म्हणत. आपल्याकडं एखादा पुरुष गप्प बसला की त्याला समंजस म्हणतात आणि बाई गप्प बसली की तिच्या मनात काहीतरी आहे म्हणतात.

त्या दिवशीही कैलास बाहेर होता आणि त्याची बायको सारिका आत डॉक्टरीणबाईंच्या समोर बसली होती. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आदल्या आठवड्यात तिच्या गर्भपिशवीत औषध सोडून फोटो काढला होता. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर धरला आणि बोटानं दाखवला. मधे पिशवी होती. तिच्या दोन्ही अंगांना दोन नळ्या निघून थोड्या पुढं गेल्या होत्या, मग फुगल्या होत्या आणि तिथंच थांबल्या होत्या. औषध पलीकडं पोटात सांडायला हवं होतं. एका बाजूनंही सांडलं नव्हतं.

"दोन्ही नळ्या बंद आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बी याच वाटेनं पिशवीत येतं. वाटच नाही, म्हणून दिवस राहत नाहीत."

सारिका बारावी शिकलेली होती. लोहगडवाडीला तिच्या आईची टपरी होती, तिथं गडावर चढणाऱ्यांना ताक आणि पिठलं-भाकरी देत ती वाढली. परक्या माणसाशी बोलायला बिचकणारी नव्हती. तिनं सरळ विचारलं, नळ्या बंद झाल्या कशानं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, क्लॅमिडिया नावाचा एक जंतू असतो, नवरा-बायकोच्या संबंधातून एकाचा दुसऱ्याला लागतो. बाईला पुष्कळदा त्याचा पत्ताही लागत नाही. थोडं अंगावरून जातं, ओटीपोटात दुखतं, मग थांबतं, आणि तो आत नळ्यांपर्यंत चढत जातो. वेळेवर औषध झालं तर जंतू मरतो. उशीर झाला तर जंतू मरतो, पण नळीत पडलेले व्रण राहतात.

डॉक्टरीणबाईंना मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. पाच वर्षांपूर्वी याच दुखण्यावर त्यांनीच औषध दिलं होतं, सारिकाचं आणि तिच्या नवऱ्याचंही. पुढं दोन-तीन महिन्यांनी ती सांगायलाही आली होती, की दोघांचं औषध पुरं झालं. मग आत्ताच्या तपासणीत तो जंतू अजून जिवंत कसा सापडला?

"दोघांचं झालं व्हतं की," सारिका म्हणाली. "त्यांच्या गोळ्या मी घेतल्या. ते घेत नव्हते, म्हनून."

डॉक्टरीणबाईंनी हातातला फोटो खाली ठेवला.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा म्हणेल, एवढी शिकलेली बाई आणि अशी कशी वागली. शिकलेली बाई उपास धरत नाही का? नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून बायको दिवसभर उपाशी राहते आणि नवरा दोन वेळा पोटभर जेवतो. एकाचं पुण्य दुसऱ्याच्या नावावर पडतं हे आपल्याकडं पोरीला दात येतात तेव्हापासून शिकवलेलं असतं. बारावीच्या पुस्तकांची त्याच्यापुढं काय मात्रा चालणार.

सारिकाच्या सासूनं, म्हणजे धोंडाबाईंनी, तर या विद्येत हयात घालवली होती. त्यांचे मालक नथूआबा. त्यांना रक्तदाब निघाला आणि डॉक्टरनं मीठ बंद केलं. आबा म्हणाले, अळणी खाण्यापेक्षा मेलेलं बरं. त्यांनी मीठ सोडलं नाही, तेव्हा धोंडाबाईंनी त्यांच्या वाटचं मीठ सोडलं. अळणी भाकरी, अळणी आमटी, लग्नकार्यातसुद्धा अळणी. आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले आणि मागल्या साली म्हातारे होऊन गेले, म्हणजे उपाय लागू पडला असंच सगळ्यांनी धरलं. ही गोष्ट गावात कौतुकानं सांगितली जाई.

सारिकाच्या पोटात पहिल्यांदा दुखलं तेव्हा धोंडाबाईंनी ते उष्णतेवर घेतलं. आमच्याकडं डोळे आले तर उष्णता, तोंड आलं तर उष्णता, पोर चिडचिडं झालं तरी उष्णता. सासूनं सुनेला रोज सब्जा भिजवून दिला, धन्या-जिऱ्याचं पाणी दिलं, चुलीपुढं बसू दिलं नाही. सारं मायेनं केलं. दोन-तीन महिने त्यात गेले. मग ताप आला तेव्हा कैलासनं तिला सोमाटण्याला नेलं आणि स्वतः टपरीवर बसला. डॉक्टरीणबाईंनी दोन पाकिटं दिली. एक तुझं, एक नवऱ्याचं, दोघांनी एकाच वेळी सुरू करायचं, सात दिवस खंड पाडायचा नाही आणि तोवर जवळ यायचं नाही.

सारिकानं घरी येऊन कैलासच्या हातात त्याचं पाकीट दिलं. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि एकदम भडकला. मला काय धाड भरलीय, बाईचं औषध पुरुषानं घ्यायचं असतं का, असं बोलून पाकीट फडताळावर फेकलं आणि गाडी काढून गेला. एरवी शब्द न काढणारा माणूस एवढा का तापला, हे तिला कळलं नाही. पुरुषाच्या मानाला लागलं असेल असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी धोंडाबाईंनी तोड काढली. त्या म्हणाल्या, "त्यो न्हाई घेत तर तू घे, पोरी. नवऱ्याचं बाईलाच लागू पडतंय." औषध वाया जाण्यापेक्षा ते बरं, असा विचारही त्यात होता. सारिकानं एक गोळी आपली आणि एक त्याची, अशा सकाळ-संध्याकाळ घेतल्या. तिला भयंकर मळमळायचं, खाल्लेलं राहायचं नाही, डोकं गरगरायचं. पण ते सोसताना तिला आतून बरं वाटत होतं. ही आपली मळमळ आणि ही नवऱ्याच्या वाटची, असं ती मनाशी म्हणायची. दुखणं थांबलं. आणि पुढं कैलास जवळ आलाच. काही महिन्यांनी पुन्हा बारीक दुखू लागलं तेव्हा तिला वाटलं, औषध तर दुप्पट झालंय, मग ही आता उष्णताच असणार. पुन्हा सब्जा सुरू झाला.

दवाखान्यात तिनं हे सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई तिला रागं भरल्या नाहीत. गोळी ज्याच्या पोटात जाते त्याच्याच अंगातला जंतू मरतो, एवढंच त्यांनी हळू समजावलं. तू बरी झालीस आणि त्याच्याकडून तुला पुन्हा लागलं. "तुझ्या एकटीची चूक नाही," त्या म्हणाल्या. "त्याला मी इथं समोर बसवायला हवं होतं. तू म्हणालीस झालं आणि मी विश्वास ठेवला."

मूल होण्याचा रस्ता अजून एक होता. आधी दोघांचं औषध, मग तपासणी. नंतर लहानसं ऑपरेशन करून त्या खराब नळ्या बाजूला काढायच्या आणि टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्न करायचा. होईलच अशी खात्री त्या देत नव्हत्या. पण या खेपेला नवरा माझ्यापुढं बसून औषध घेऊन गेल्याशिवाय मी पुढं पाऊल टाकणार नाही, हे त्यांनी निक्षून सांगितलं. पुढच्या सोमवारची वेळ दिली.

उठता उठता सारिकानं विचारलं, हा जंतू मुळात आला कुणाकडून. तपासणीत ते दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. तपासणीत दिसत नसेल, पण सारिकाला आपलं आयुष्य ठाऊक होतं. त्यात कैलासशिवाय दुसरा पुरुष नव्हता.

गाडीत तिनं त्याला एवढंच सांगितलं, की नळ्या बंद आहेत आणि सोमवारी तुम्हाला आत बोलावलंय, तुम्ही औषध घेतल्याशिवाय काही होणार नाही. कैलास रस्त्याकडं बघत "बघू" म्हणाला. मावळात बघू म्हणजे नाही. नाही म्हणायला फार धीर लागतो, म्हणून बघू म्हणतात.

ते दिवस भातं निघाल्याचे होते. धोंडाबाई अंगणात सुपानं भात पाखडत बसल्या होत्या. सारिकानं हातपाय धुतले, दुसरं सूप घेतलं आणि त्यांच्यासमोर बसली. नळ्यांचं सांगितलं. धोंडाबाईंनी सूप खाली ठेवून तिच्या पाठीवरून हात फिरवला. सात वर्षांत गावातल्या बायका सारिकाला पुष्कळ काही बोलल्या होत्या, पण ही सासू कधी बोलली नव्हती. उलट कुणाच्या घरी ओटीभरणाला सारिकाला टाळलं तर धोंडाबाईही जायच्या नाहीत. आजही त्या म्हणाल्या, उपाय असेल तर करू.

मग सारिका म्हणाली, उपाय आहे, पण ह्यांनी औषध घेतलं तर, आणि हे तर बघू म्हणतायत.

"मंग त्यात काय येवढं," धोंडाबाई म्हणाल्या. "त्यो न्हाई घ्यायचा. तू घे की त्याचं. मागं घेतलंच हुतंस."

त्यांनी हे किती मायेनं म्हटलं होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि म्हणूनच सारिकाला ते सोसवलं नाही. दवाखान्यापासून दाबून धरलेलं रडं तिला तिथं फुटलं. म्हाताऱ्या बाईला हे कधीच सांगायचं नाही, असं तिनं वाटेत ठरवलं होतं. पण आता सांगितलं नाही तर घरात पुन्हा तेच होणार होतं.

"आत्या, त्यानंच घात झाला," ती म्हणाली. "त्यांच्या अंगातलं त्यांच्याच गोळीनं मरतंय. माझ्या गोळीनं न्हाई."

धोंडाबाईंना आधी ते उमगलं नाही. मग उमगलं. त्या निरक्षर होत्या, पण अडाणी नव्हत्या. मागं आपण काय सांगितलं होतं, तेव्हा सून कशी ओकत होती, मग दुखणं कसं परत आलं, हे सगळं त्यांनी मनात एकाखाली एक लावलं. त्या म्हणाल्या, म्हणजे मी सांगितलं त्यानं तुझी कूस गेली. सारिका नाही नाही म्हणत राहिली. तुम्हाला कुठं ठाऊक होतं, मलासुद्धा कळायला हवं होतं, असं बोलली. पण म्हातारीच्या मनात एकदा बसलेलं निघत नव्हतं. धोंडाबाईंनी सूप उचललं, दोनदा पाखडलं, आणि त्यातलं भात तसंच ठेवून आत जाऊन निजल्या.

त्या दिवसापासून म्हातारीनं स्वतःला खायला सुरुवात केली. चुलीशी जाईनात. संध्याकाळी देवापुढं दिवा लावायच्या, तो लावीनात. माझ्या हातानं नको म्हणायच्या. शेजारची लीलाबाई ताक मागायला आली, तिनं काही विचारलेलं नसताना त्यांनी तिला सांगितलं, की माझ्या सुनेत काही खोट नाही, मी तिची कूस बंद केली. लीलाबाईच्या कानात पडलेलं गावात जायला काय वेळ लागतो. ज्या बायका सात वर्षं सारिकाकडं बोट दाखवत होत्या, त्या आता म्हातारीकडं बोट दाखवू लागल्या. बोट दाखवणाऱ्याला दिशा बदलायचं काही वाटत नाही.

सारिका त्यांना भरवायला बसे. त्या दोन घास खात आणि तिच्या हाताला धरून म्हणत, पोरी, तू मला शिव्या दे. शिव्या दिल्यास तर मला झोप लागेल. सारिकाला त्यांचा राग यायला हवा होता, असं तिला कधीकधी वाटे. पण येत नव्हता. राग यायचा तो दुसऱ्याच कशाचा तरी, आणि कशाचा ते तिला नीट धरता येत नव्हतं.

कैलास हे सगळं बघत होता. आई भिंतीकडं तोंड करून निजलेली त्याला दिसायची. लीलाबाईजवळ ती काय बोलली ते त्याच्या कानावर आलं होतं. तो ओट्यावर बूट काढायचा, जेवायचा, गाडी पुसायचा. एकदा त्यानं आईला, तू एवढं मनावर घेऊ नको, असं म्हटलं. त्याच्या पुढं एक शब्द नाही. रविवारी मात्र त्यानं आपण होऊन सारिकाला सांगितलं, की उद्या मी येतो, आत बसतो, औषध घेतो. आईचे हाल बघून याला पाझर फुटला, असं तिला वाटलं आणि त्याच्याबद्दल थोडी मायाही वाटली. मी तिथं असतो तर तिला थांबवलं असतं. पण माया वाटणाऱ्याला थांबवणारा मी कोण?

सोमवारी सकाळी दोघं निघाली. धोंडाबाईंनी अंथरुणातूनच हात जोडले. कान्हे फाट्याजवळ रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. पुढं दोन ट्रॅक्टर, एक दुधाची गाडी आणि मागं शाळेची बस. कैलासनं इंजिन बंद केलं.

तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "ती गोळी मी वळखली व्हती."

कुठली गोळी, हे तिला कळेना. तेव्हा तो बोलू लागला. लग्न ठरायच्या आधी तो लोणावळ्यात चार ड्रायव्हरांबरोबर खोली घेऊन राहायचा. त्यांच्या नादानं एक-दोनदा नको तिथं गेला होता. पुढं लघवीला आग होऊ लागली. तिथल्या एका डॉक्टरनं हीच गोळी दिली होती, सात दिवस घे म्हणाला होता, आणि लग्नाआधी पुन्हा तपासून जा असंही म्हणाला होता. दोन दिवसांत आग थांबली. कैलासनं उरलेल्या गोळ्या टाकून दिल्या, आणि डॉक्टरकडं परत गेला नाही.

"तू पाकीट हातात दिलंस आन मला समदं कळलं," तो म्हणाला. "घेतली असती तर कबूल केल्यावानी झालं असतं."

सारिकानं काच खाली केली. तिला तो भडकलेला दिवस आठवला, आणि आपण त्याला पुरुषाचा मान समजून कसं सांभाळून घेतलं, तेही आठवलं. तिनं एकच विचारलं, की मी तुमच्या गोळ्या घेत होते हे तुम्हाला ठाऊक होतं का.

"पाकीट रिकामं दिसलं," कैलास म्हणाला. "मला वाटलं, सुटलो."

एक मालगाडी गेली. ती फार लांब होती. फाटक उघडलं, पुढचे ट्रॅक्टर निघाले, मागची बस हॉर्न वाजवू लागली. कैलासनं गाडी चालू केली. सारिका म्हणाली, गाडी वळवा.

तो चपापला. डॉक्टरांची वेळ आहे, ती चुकली तर मग पुन्हा कधी, असं म्हणू लागला. आता मी येतोय ना, औषध घेतोय ना, आणखी काय पाहिजे. इतकी वर्षं ज्याच्यासाठी ती दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत होती, ते आज पहिल्यांदा तिच्या हाताशी आलं होतं आणि ती ते सोडायला निघाली होती. तिला हे कळत नव्हतं असं नाही. सोमाटण्याच्या दिशेनं तिचा जीव ओढत होता. पण घरात एक म्हातारी दुसऱ्याचं पाप आपल्या पोटात घेऊन निजली होती, आणि ज्याचं होतं तो ते बघत जेवत होता. यातून होणारं मूल कसलं मूल, असं तिच्या मनात आलं.

"आधी आत्यांना सांगा," ती म्हणाली. "मंग दवाखाना."

"आईला नको. काय वाटंल तिला माझ्याबद्दल?"

"माझ्याबद्दल सात वर्सं लोकांना काय काय वाटलं. ते चाललं की तुमाला."

त्यानं गाडी वळवली.

घरी आल्यावर त्यानं आईला उठवून बसवलं. सारिका दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिनं त्याला एका शब्दाची मदत केली नाही. तो अडखळला, पण त्यानं सांगितलं. लोणावळ्याची खोली सांगितली, टाकून दिलेल्या गोळ्या सांगितल्या, रिकामं पाकीट सांगितलं. धोंडाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्याचं संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. त्यांच्या काळजात काय हललं असेल ते त्यांनाच ठाऊक. आपल्या पोटचा पोर त्यांनी आजवर कुणापुढं उणा पडू दिला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "म्हंजी म्या सांगितलं नसतं, तरी तू गोळी घेनार नव्हतास."

"न्हाई," कैलास म्हणाला.

"आन ह्ये आठ दीस तू बघत बसलास."

तो खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेला, तसे त्यांनी पाय आखडून घेतले.

"माझी माफी मागू नगं," त्या म्हणाल्या. "माझं काय गेलंय? हिला इचार. हिला तुझं पोर पायजे का, ते इचार."

सारिका दारात ताठ झाली. सात वर्षांत तिला पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते. काही बातमी आहे का, पाळी चुकली का, कुणाला दाखवलं, कुठला नवस केला, खोट कुणात आहे. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माहेरच्यांनी नाही, डॉक्टरीणबाईंनी नाही, तिचा तिनंसुद्धा नाही. मूल हवं म्हणजे कैलासचंच हवं, हे तिलाही न सांगताच कळलेलं होतं.

कैलास तिच्याकडं वळला. "पायजे का?" असं काहीतरी पुटपुटला.

"पुरं इचारा," सारिका म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले होते. "सारिका, तुला माझं पोर पायजे का?"

तिनं घाई केली नाही. खरं काय ते शोधायला तिला वेळ लागला, आणि त्या दोघांनी तो तिला दिला.

"पोर पायजे," ती म्हणाली. "लय पायजे. तुमचं पायजे का, ते मला आज सांगता यायचं न्हाई. तुमी दवाखान्यात जा, एकटे जा, आत बसा, औषध घ्या. ते तुमच्यासाठी घ्या. माझं मी ठरवीन आन तुमाला सांगीन."

धोंडाबाईंनी मान हलवली आणि अंथरुणावर थोड्या सरकल्या. सारिका जाऊन त्यांच्याशेजारी बसली. म्हातारीनं आपली वाकळ तिच्या मांडीवर ओढली. कैलास मधोमध उभाच होता, आणि त्याला बस म्हणावं असं दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.